हाडांची साक्ष आणि पंडितांचे सेतू

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टच्या झेंकेनबेर्ग संग्रहालयात जर्मन भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका संघटनेची सभा भरली होती. सभेपुढे व्याख्यानास उभा राहिलेला एकतीस वर्षांचा तरुण त्यांच्यापैकी नव्हता. त्याची डॉक्टरेट खगोलशास्त्रातील होती आणि मारबुर्ग विद्यापीठात तो हवामानशास्त्र शिकवीत असे. आल्फ्रेड वेगेनर हे त्याचे नाव. अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर आज दिसणारे आफ्रिका व दक्षिण अमेरिका हे खंड एकेकाळी एकसंध होते, पुढे ते दुभंगले आणि हळूहळू दूर सरकले, असे त्याने सभेस सांगितले. पायाखालची भूमी अचल आहे असे मानून आयुष्यभर अभ्यास केलेल्या विद्वानांना हे रुचले नाही, यात नवल नव्हते.

वेगेनरचा तो सिद्धांत आज शाळेच्या भूगोलात चार ओळींत उरकला जातो. मधली पन्नास वर्षे तो विद्वत्सभांतून जवळजवळ बहिष्कृत होता, हे मात्र त्या चार ओळींत येत नाही. पुरावा समोर असताना अर्धशतक का लागले? चूक कोणाची? हे प्रश्न केवळ भूगर्भशास्त्राचे नाहीत. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची वीस वर्षे गेली अशा प्रस्तुत लेखकाला तरी ते आपल्या दाराशी आल्यासारखे वाटतात.

धर्मोपदेशकाचा मुलगा

वेगेनरचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक होते व प्राचीन भाषांचे अध्यापनही करीत. मुलाचा ओढा मात्र आकाशाकडे होता. १९०५ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर त्याने दुर्बिणीची वाट सोडली आणि लिंडेनबेर्ग येथील वातावरण-वेधशाळेत नोकरी धरली. तेथे थोरला भाऊ कुर्ट सोबतीला होता. एप्रिल १९०६ मध्ये हे दोघे भाऊ बलूनमधून सलग साडेबावन्न तास आकाशात राहिले. तो त्या वेळचा विक्रम ठरला. त्याच वर्षी तो डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेला. या मोहिमेचा प्रमुख व त्याचे दोन सहकारी बर्फात मरण पावले. वेगेनर परतला, पण ग्रीनलंडने त्याला कायमचे बांधून घेतले होते.

खंडांची कल्पना त्याला १९१० च्या अखेरीस सुचली. एका सहकाऱ्याला भेट मिळालेला नवा नकाशासंग्रह चाळताना ब्राझीलचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत चपखल बसतात, हे त्याच्या नजरेस आले. हे काही नवे नव्हते. त्याच्यापूर्वीही अनेकांच्या ते लक्षात आले होते. त्यालाही प्रथम ते फारसे महत्त्वाचे वाटले नाही. पण पुढच्या वर्षी मारबुर्गच्या ग्रंथालयात त्याच्या हाती एक संकलन पडले. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील खडकांत सापडलेल्या एकसारख्या जीवाश्मांची त्यात नोंद होती. किनाऱ्यांचे जुळणे हा योगायोग असू शकतो; पण किनारे जुळावेत आणि त्यांच्या पोटातील हाडेही जुळावीत, याला योगायोग म्हणणे त्याला कठीण वाटले.

एक लहानसा साक्षीदार

या हाडांपैकी एक प्राणी विशेष बोलका होता. त्याचे नाव मेसोसॉरस. लांबी जेमतेम एक मीटर, लांब शेपटी, पोहण्याजोगे पाय, आणि जबड्यात सुयांसारखे बारीक दात. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी हा सरपटणारा प्राणी उथळ पाण्यात वावरत असे. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या त्याच्या सांगाड्याचे वर्णन १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पॉल झेर्व्हे यांनी केले होते. पुढे याच कुळातील प्राणी ब्राझीलमध्ये, तशाच खडकांत, त्याच काळच्या थरांत मिळाले. या दोन प्रदेशांच्या आसपास सोडल्यास जगात अन्यत्र कोठेही ते मिळाले नाहीत.

आता विचार करावा. हातभर रुंदीच्या पाण्यात मासोळ्या व झिंगे टिपणाऱ्या या प्राण्याने अटलांटिक महासागर कसा ओलांडला? आणि तो ओलांडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी होते असे मानले, तर मग तो दोनच किनाऱ्यांवर का थांबला? महासागर तरून जाणारा प्राणी जगभर पसरायला हवा होता. म्हणजे त्याला पोहता येत होते म्हणा किंवा नव्हते म्हणा, कोडे सुटत नाही. ते सुटण्याचा सरळ मार्ग एकच : त्या काळी मध्ये महासागर नव्हताच.

सोयीचे सेतू

विद्वानांना हे कोडे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी त्याचे उत्तरही शोधले होते. दोन खंडांवर एकच प्राणी सापडला की ते नकाशावर त्यांच्यामध्ये एक भूसेतू काढीत. प्राणी त्यावरून चालत गेले आणि काम झाल्यावर सेतू समुद्रात बुडाला, असे सांगितले जाई. ब्राझील व आफ्रिका यांना जोडणारा असा एक बुडीत खंड कल्पिला गेला. मादागास्कर व भारत यांच्यामधील लेमूरिया हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. तेही १८६४ साली लेमूर नावाच्या प्राण्यांची गणती जुळविण्यासाठीच पुढे आले. पृथ्वी निवत चालली आहे व सुकणाऱ्या सफरचंदाप्रमाणे तिला सुरकुत्या पडत आहेत, म्हणून काही भूभाग खाली खचतात, अशी या सेतूंना शास्त्रीय बैठकही दिली गेली होती.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही गृहीतकांचा सढळ हाताने वापर करतो. स्पर्धा पूर्ण आहे असे धरू, ग्राहकाला सर्व माहिती आहे असे धरू, आणि मग पुढे चालू. फळ्यावर गृहीतक लिहायला खडूपलीकडे काही खर्च येत नाही. पण प्रत्येक गृहीतकाची किंमत कोठे तरी कोणाला तरी चुकवावी लागते, हे विद्यार्थ्याला सांगायचे बहुधा राहून जाते. भूसेतूंचेही असेच झाले. नकाशावर सेतू काढायला पेन्सिल पुरे. तो बुडवायचा कसा, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता.

तो वेगेनरने विचारला. भूखंड ज्या खडकांचे बनले आहेत ते महासागराच्या तळाच्या खडकांपेक्षा वजनाने हलके आहेत, आणि पाण्यावर लाकडाचा ओंडका तरंगावा तसे ते जड थरावर तरंगत आहेत, हे त्या वेळच्या भूभौतिकशास्त्राला मान्य होते. मग हलका खंड जड तळात बुडेल कसा? ओंडका पाण्यात बुडत नाही. तो बाजूला मात्र सरकू शकतो. शिवाय किरणोत्सर्गी द्रव्यांचा शोध लागल्यापासून पृथ्वीच्या पोटात उष्णता सतत निर्माण होत आहे हे कळले होते. त्यामुळे निवणाऱ्या सफरचंदाचा आधारही लटका पडला होता. म्हणजे एका शास्त्राने जे मान्य केले होते, त्याच्या नेमके विरुद्ध दुसरे शास्त्र गृहीत धरीत होते, आणि दोघांची कधी गाठ पडत नव्हती. ती गाठ बाहेरच्या माणसाने घालून दिली.

व्याख्यानानंतर लवकरच वेगेनर पुन्हा ग्रीनलंडला गेला. डॅनिश संशोधक कोख यांच्याबरोबर त्याने हिमावरणावरच हिवाळा काढला आणि १९१३ साली आइसलंडी तट्टे घेऊन ते विस्तीर्ण बर्फाचे मैदान आरपार ओलांडले. परतल्यावर प्रख्यात हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांची कन्या एल्झे हिच्याशी त्याचा विवाह झाला. वर्षभरात महायुद्ध पेटले. राखीव अधिकारी म्हणून त्याला आघाडीवर जावे लागले व तो दोनदा जखमी झाला. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने खंडांच्या व महासागरांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. तो १९१५ साली प्रसिद्ध झाला. १९२० , १९२२ व १९२९ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी त्याने नवा पुरावा घातला आणि जुन्या विधानांची फेरतपासणी केली.

गोंडवनाचे नाव

या वादात आपल्या भूमीचा संबंध नावापुरता नाही. पण नावापासूनच सुरुवात करावी लागते. मध्य भारतातील कोळसा धारण करणाऱ्या खडकांच्या मालिकेला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी १८७० च्या दशकात गोंडवन हे नाव दिले. गोंडांचा हा प्रदेश. विदर्भातील चंद्रपूर-वणीकडचा कोळसा याच मालिकेतील. व्हिएन्नाचे भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी पुढे तेच नाव उचलून दक्षिण गोलार्धातील एका कल्पित महाखंडाला दिले, कारण भारत, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील या काळच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या एकाच वनस्पतीची पाने सापडत होती. झ्यूस यांच्या मते या महाखंडाचे मधले भाग बुडाले. वेगेनरच्या मते काहीच बुडाले नाही. तुकडे दूर गेले. चंद्रपूरच्या खाणकामगाराच्या पायाखालचा दगड एकेकाळी दक्षिण ध्रुवाजवळच्या थंड प्रदेशाचा शेजारी होता, हे या मतातून निघणारे अनुमान त्या काळी अनेकांना हास्यास्पद वाटले.

हाडांचा पुरावाही आपल्याकडे होताच. बंगालच्या राणीगंज परिसरातील पंचेत खडकांत सापडलेल्या एका प्राण्याच्या अवशेषांचे वर्णन टॉमस हक्स्ली यांनी १८६५ साली केले होते. चोचीसारखे तोंड, दोन सुळे, डुकराएवढा बेढब देह असलेला हा प्राणी आज लिस्ट्रोसॉरस या नावाने ओळखला जातो. पूर्वी त्याची गणना सरीसृपांत होई. आता तो सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचा भाऊबंद मानला जातो. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरील बहुसंख्य जीवजाती नष्ट झाल्या, त्या संहारातून तगून तो पसरला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात त्याचे सांगाडे विपुल आहेत. दामोदर खोरे आणि कारू यांच्यामध्ये आज हिंदी महासागर पसरला आहे, आणि या प्राण्याच्या बांध्यावरून तो महासागर पोहून आला असेल असे कोणी म्हणणार नाही.

विरोधकांची बाजू

अशा कहाण्या सांगताना विरोधकांना खलनायक ठरविण्याची सवय आपल्याला आहे. तसे करणे येथे अन्यायाचे होईल. वेगेनरच्या मांडणीत खरोखरच मोठी उणीव होती. खंड सरकले हे त्याने दाखविले. पण ते कोणत्या शक्तीने सरकले हे त्याला सांगता येत नव्हते. पृथ्वीच्या भ्रमणामुळे खंड विषुववृत्ताकडे ढकलले जातात आणि चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाने मागे खेचले जातात, असे त्याने सुचविले. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित करून या शक्ती खंड हलविण्यास कितीतरी पटींनी अपुऱ्या आहेत हे दाखवून दिले, आणि ते गणित बरोबर होते. ग्रीनलंड युरोपपासून वर्षाला कित्येक मीटर दूर जात आहे, हे वेगेनरचे म्हणणेही चुकले. त्याने आधाराला घेतलेले जुने रेखांश चंद्राच्या वेधांवरून काढलेले होते, आणि त्यांतील चुकाच त्याने गती म्हणून मोजल्या.

१९२६ साली अमेरिकेतील पेट्रोलियम भूगर्भशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क येथे या विषयावर परिसंवाद भरविला. तेथे थोडे अनुकूल बोलले, बहुतेक प्रतिकूल. परक्या विषयात ढवळाढवळ करणारा, सोयीचे तेवढे वेचून घेणारा, असा त्याचा बोभाटा झाला. जर्मनीत प्राध्यापकपद त्याच्या वाट्यास आले नाही. १९२४ साली ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाने त्याला ते दिले.

मग विरोधकांचे चुकले कोठे? कारण ठाऊक नाही, म्हणून घटनाच घडली नाही असे त्यांनी ठरविले. येथे त्यांचे चुकले. न्यायालयात खुनाचा हेतू सिद्ध झाला नाही म्हणून समोर पडलेले प्रेत नाहीसे होत नाही. आपल्या सिद्धांताला कारणपरंपरा देणारा न्यूटन अजून जन्मायचा आहे, हे वेगेनरने स्वतःच शेवटच्या आवृत्तीत मान्य केले होते. त्याच्या टीकाकारांनी मात्र बुडालेल्या सेतूंकडे असे कारण कधी मागितले नाही. नव्या मताला एक माप आणि जुन्या मताला दुसरे, हा पक्षपात गणितातल्या चुकीपेक्षा अधिक महाग पडला.

बर्फातील अखेर

१९३० साली वेगेनर मोठ्या मोहिमेचा नेता म्हणून ग्रीनलंडला गेला. हिमावरणाची जाडी आणि त्यावरील हवामान यांचा वर्षभर अभ्यास करावयाचा होता. त्यासाठी किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, हिमाच्या मध्यावर, आइसमिट्टे नावाचे ठाणे उभारले गेले. तेथे दोन सहकारी होते. किनाऱ्यावरील बर्फ उशिरा हटल्याने सारे वेळापत्रक कोसळले आणि हिवाळ्याची पुरेशी शिधासामग्री आत पोहोचली नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वेगेनर स्वतः कुत्र्यांच्या स्लेजगाड्या घेऊन निघाला. थंडी वाढत गेली तसे ग्रीनलंडचे स्थानिक सोबती एकेक करून परतले. शेवटी तो, त्याचा सहकारी फ्रिट्झ लोवे आणि रासमुस व्हिलुमसेन हा ग्रीनलंडचा तरुण, एवढेच तिघे ३० ऑक्टोबरला ठाण्यावर पोहोचले. लोवेचे पाय हिमदंशाने निकामी झाले होते. सहकाऱ्याने त्याची बोटे खिशातल्या चाकूने कापली.

ठाण्यावर पाच जणांना हिवाळाभर पुरेल इतके अन्न नव्हते. दोन दिवसांनी, १ नोव्हेंबरला, वेगेनरला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी तो व व्हिलुमसेन किनाऱ्याकडे परत निघाले. ते पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वाटेच्या साधारण मध्यावर बर्फात उभ्या रोवलेल्या त्याच्या स्की दिसल्या. खाली, काळजीपूर्वक गुंडाळलेला त्याचा देह होता. अतिश्रमाने हृदय थांबले असावे. त्याला नीट पुरून व्हिलुमसेन पुढे गेला. त्याचा मात्र कधीच पत्ता लागला नाही. वेगेनरचे नाव पाठ्यपुस्तकात आले. आपल्या नेत्याचे अंत्यसंस्कार एकट्याने करून त्या अंधारात चालू लागलेल्या या तरुणाचेही नाव त्याच्याबरोबर घेतले जावे.

उत्तर कोठून आले

वेगेनर गेला आणि त्याचा सिद्धांतही अडगळीत गेला. दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर डू टॉइट यांनी १९३७ साली ग्रंथ लिहून तो जागता ठेवला. भूगर्भातील उष्णतेमुळे खोलवरचे खडक अत्यंत मंद गतीने अभिसरण करतात व त्यांच्यासोबत वरचे खंड वाहून नेले जातात, ही कल्पना ब्रिटनच्या आर्थर होम्स यांनी वेगेनरच्या हयातीतच मांडली होती. तिच्याकडे थोड्यांचेच लक्ष गेले.

खडकांतील चुंबकत्वाने चित्र बदलले. लाव्हा निवताना त्यातील लोहकण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार जुळतात, आणि तो खडक कोणत्या अक्षांशावर घडला याची खूण त्यात कायम राहते. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील ब्लॅकेट यांच्या गटाने आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचे नमुने तपासले. ज्या पाषाणात सह्याद्रीचे किल्ले उभे आहेत, तो लाव्हा बाहेर पडला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असे उत्तर निघाले. १९६० च्या दशकात हॅरी हेस, व्हाइन व मॅथ्यूज यांच्या कामातून महासागराचा तळ मध्यभागी सतत नवा होत पसरत असल्याचे उलगडले. पाठोपाठ भूपट्टांचा सिद्धांत आला.

आणि डिसेंबर १९६९ मध्ये, एडविन कोल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सहभागाने झालेल्या मोहिमेत, अंटार्क्टिकातील कोलसॅक ब्लफ येथे लिस्ट्रोसॉरसची हाडे निघाली. दामोदर, कारू आणि आता दक्षिण ध्रुवाकडील गोठलेला खंड : तिन्ही ठिकाणी तोच बेढब सुळेवाला प्राणी. तोवर निकाल बहुतांशी लागला होता. पण ज्यांना चुंबकत्वाचे आलेख कळत नाहीत, त्यांनाही ही हाडे कळतात.

आपल्यासाठी

आजकाल ज्याच्या म्हणण्याला विद्वान मान्यता देत नाहीत असा प्रत्येक जण स्वतःला वेगेनर समजू लागतो. अशांसाठी कसोटी सोपी आहे. वेगेनरने चार शास्त्रांतील पुरावा परिश्रमाने गोळा केला, आपल्या उणिवा छापून सांगितल्या, आणि खंडांची गती मोजून पाहावी असे आव्हान दिले. चुकीचे ठरण्याची जोखीम पत्करणारा तो मनुष्य होता. नुसते नाकारले जाणे ही पात्रता नव्हे.

दुसरा धडा आपल्या महाविद्यालयांसाठी आहे. आमच्याकडे भूगोल कला शाखेत, भूगर्भशास्त्र विज्ञान शाखेत, आणि अर्थशास्त्र तिसऱ्या मजल्यावर असते. तिघांचे अध्यापक चहाच्या वेळी वेतनश्रेणीवर बोलतात, विषयावर नाही. शेजारच्या खोलीत जे अशक्य म्हणून सिद्ध झाले आहे, ते आपण आपल्या खोलीत गृहीत धरून चाललो आहोत की काय, हे तपासण्याची सोय आपण ठेवलेली नाही. बुडणारे सेतू फक्त भूगर्भशास्त्रज्ञच बांधतात असे समजण्याचे कारण नाही. आमच्या शास्त्रातही ते पुष्कळ आहेत, आणि त्यांवरून चालणारी माणसे खरी असतात.

वेगेनरची पत्नी एल्झे दीर्घायुषी ठरली. १९९२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ती निवर्तली. पतीचा सिद्धांत सर्वमान्य झालेला तिने पाहिला. वेगेनरचा देह अजून ग्रीनलंडच्या हिमात, वर्षानुवर्षे साचलेल्या बर्फाखाली आहे. ग्रीनलंड युरोपपासून दूर सरकत आहे, हे त्याचे म्हणणे खरे ठरले. पण ती गती वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एवढीच आहे. त्याच्या मृत्यूपासून आजवर ती भूमी जेमतेम पुरुषभर सरकली असेल. विद्वानांना हलायला लागलेला वेळ पाहता, ही गती अगदीच कमी म्हणता येणार नाही.